जनूच्या पायांना मीठ झोंबत नव्हतं

पेणच्या खाडीकाठी आमचं मिठागर होतं, तिथं आता भराव पडलाय. मुरमाखाली सगळं गाडलं गेलं, पण डोळे मिटले की मला अजून मीठ पिकवायचा तळ दिसतो. पाऊस सरला की चिखल तुडवून तुडवून आम्ही तो तळ सारखा करायचो, नारळ फोडायचो, आणि मग त्यावर चप्पल घालून कुणी उतरायचं नाही. मालकसुद्धा बांधावर वहाणा काढायचा. ओल्या तळावर प्रत्येकाचं पाऊल उमटायचं, आणि नुसत्या ठशावरून कोण कुठं गेलं ते सांगता यायचं.

त्या आगरात जनूच्या पायांचा दबदबा होता. खाऱ्या पाण्यानं आमचे पाय चिरायचे. रात्री खोबरेल चोळून झोपायचं, नि सकाळी पाण्यात उतरलं की आईबाप आठवायचे. जनू मात्र फाटकी टाच घेऊन बिनधास्त उतरायचा. नवा गडी कण्हायला लागला की त्याच्यासमोर पाय नाचवायचा. "मना नाय झोंबत. मीठ माज्या वळखीचं हाय." आम्हीही ते खरं धरलं. जन्म मिठात घालवला की पाय पक्का होतो, असंच सगळे मानायचे.

चौऱ्याण्णव साल असेल. जनू जेवायला बसला नि त्याच्या बायकोला, पुतळीला, सारवलेल्या भुईवर दारापासून पाटापर्यंत रक्ताचे ठिपके दिसले. टाचेत कालवाची शिंप रुतली होती आणि जनूला पत्ता नव्हता. पुतळीनं गोधडीची सुई घेतली, वाढायच्या निमित्तानं खाली बसली नि त्याच्या तळव्यात टोचली. जनूनं अजून थोडं आंबट कालवण मागितलं.

ती त्याला रोह्याला घेऊन गेली. पेण जवळ होतं, पण पेणच्या बाजारात निम्मा गाव असतो. रोह्यात कोण ओळखतंय? तिथल्या सरकारी दवाखान्यात सलीमा सिस्टर होत्या. त्यांनी जनूला डोळे मिटायला लावले, पायावरून पीस फिरवते म्हणाल्या, लागलं की सांगा. जनू डोळे मिटून वाट बघत बसला. सिस्टरांचं सगळं करून झालं होतं.

मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं. आमच्याकडं ते नाव तोंडावर आणत नाहीत. ज्याच्यावर तो शिक्का बसला, त्याला विहिरीवर पाय टाकू देत नसत. सिस्टर मात्र ताप-खोकल्याचं बोलावं तशा बोलल्या. गोळ्या फुकट आहेत, दोन वर्षं घ्यायच्या, रोग जातो. "पण पाय तुम्हालाच राखायला पाहिजेत, जनूभाऊ. अनवाणी चालायचं नाही. खाऱ्या पाण्यात तर नाहीच." आणि मऊ तळाच्या, पट्टेवाल्या काळ्या चपला दिल्या.

चपला घरी आल्या त्या थेट आढ्याला गेल्या. तळावर चप्पल चालत नाही. का घातली ते सांगावं तर आगरावरच्या टोळीतून नाव जाणार, नाही घालावी तर पाय जाणार. जनूनं पाय पणाला लावले. चिंधी बांधून उतरायचा. महिन्याच्या महिन्याला दोघं रोह्याला जायची, कुणी विचारलं तर पुतळीची बहीण तिथं दिलीय म्हणायची. टोळीला आयतंच सापडलं. मेवणी कोळंबी खायला घालते की नुसतीच गोड बोलते, अशी चेष्टा चालायची. जनू हसून घ्यायचा. जखम मात्र भरेना, कडेनं पांढरी पडून आत आत चालली. असंच उतरत राहिलात तर पाऊल कापावं लागेल, असं सिस्टरांनी शेवटी बजावलं.

टोळीत कामं वाटायची ती इंदुबाई. तिच्या तोंडाला मालकही भ्यायचा. तिचा नवरा तरणा असतानाच घर सोडून गेलेला, का ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. मीठ ओढायच्या ऐन घाईत एक दिवस तिनं जनूला सगळ्यांसमोर थांबवलं.

"जन्या, वर ये. तुजे पाय फरफटतान. माजा तळ फाटला."

जनू म्हणाला, हा तळ याच पायांनी केलाय.

"व्हय, नि आता तूच मोडतस. उद्यापासून उघाडीवर बस. उधाणाला दार उघडायचं, पाणी घ्यायचं, ओहोटीआधी लावायचं. म्हाताऱ्याचं काम हाय, जमल तुला."

ज्या पायांवर माणसानं नाव कमावलं, त्या पायांनाच तिनं नावं ठेवली. जनू हातातलं मीठ ओढायचं फळकूट टाकून घरी गेला नि भिंतीकडं तोंड करून पडला. मेलो तरी उघाडीवर बसणार नाही म्हणाला.

पुतळी पदर खोचून भांडायला आली. मी तिथंच पाट्या भरत होतो. इंदुबाईनं तिला पोटभर बोलू दिलं, मग विचारलं, "उघाडी कुठं हाय गो?"

"बांधावर."

"मग बांधावर चपला घालाला कोन आडवतंय?"

पुतळीनं खोचलेला पदर सोडला.

"माज्या घरवाल्याचं पाऊल पन असंच उमटायचं, बोटं वढत. भावकीनं हाकलला तवा गेला. तवा मना रोह्याची वाट कुनी दावली नाय, नायतर मी पन नेला असता तुज्या भयनीकडं." इतकं बोलून ती वळली नि मला म्हणाली, कान नको, हात चालव.

पुढल्या उधाणाला जनू काळ्या चपला घालून बांधावर आला. साहेब आले म्हणून कुणीतरी खाकरलं. इंदुबाईनं तिकडं नुसतं बघितलं, ते खाकरणं परत ऐकू आलं नाही. मेवणीची चेष्टाही त्या दिवशी बंद झाली, म्हणजे टोळीला सगळं उमगलं होतं. विहिरीवर मात्र कुणी पुतळीला अडवलं नाही. अडवणार कसं, तिच्या कळशीमागं इंदुबाई आपली कळशी लावायची. पुढं आजूबाजूच्या गावच्या बाया पुतळीला आडोशाला गाठून विचारायच्या, तुझ्या बहिणीकडं परत कधी जायचंय. पुतळी त्यांना रोह्याच्या गाडीत आपल्या शेजारी बसवून न्यायची.

गोळ्या संपल्या तोवर जखम भरली होती. पाय अर्धेअधिक बधिरच राहिले. त्याच हंगामात उघाडीचं दार लावताना जनूला घोट्यावर खरचटलं, वर खारं पाणी उडालं, नि त्यानं अशी शिवी हासडली की तळावरची सगळी माणसं थांबली.

"काय रं झालं?" इंदुबाईनं खालून विचारलं.

"झोंबलं," जनू म्हणाला.

तिनं त्याच्या पायांकडं बघितलं. मग आम्हाला म्हणाली, उभे काय राहिलात, मीठ ओढा.