सखूबाईंनी सांगितलेली उत्तरं

१२ जुलै २००३, शनिवार. गौलीगुड्याच्या एका खाजगी दवाखान्यात सूर्यभान यांची स्मरणशक्ती कॉम्प्युटरवर तपासून घ्यायला दोनशे पंचाहत्तर रुपये लागले. पैसे त्यांच्या मुलाने, अमरदीपने दिले, पण मनाविरुद्ध.

"आई, बाबांचं वय झालंय, दुसरं काय नाही," आदल्या दिवशी तो सखूबाईंना म्हणाला होता.

"वय माझंबी झालंय. मी गॅस चालू ठेवून बाहेर जाते का?"

"बरं बाई. मशीन काय म्हणतं बघू. वाईट म्हणालं तर तुम्हाला दोघांना सोबत नेतो. चांगलं म्हणालं तर तुझं टुमणं बंद."

अमरदीपची नोकरी कुकटपल्लीच्या कारखान्यात. अंबरपेठहून रोज दोन बस बदलून तो कावला होता. महिनाअखेर तो आणि सून गीता कारखान्याजवळ दोन खोल्या घेऊन राहणार होते. मागे नवऱ्याला एकटीने सांभाळायचं, या विचाराने सखूबाईंची झोप उडाली होती. आणि त्यांचं म्हणणं कुणाला पटत नव्हतं.

पटणार तरी कसं? सूर्यभान रेल्वेच्या मालधक्क्यावर मुकादम होते. हाताखालच्या प्रत्येक हमालाला ते नावानिशी हाक मारत. दोन वर्षांपासून नावं सुटायला लागली, तेव्हा सखूबाईंनी एक रीत धरली. दारात कुणी आलं की त्याच आधी म्हणत, "अहो, परभणीचे दत्तोबा आले बघा." मग सूर्यभान "या, या दत्तोबा!" करत हसून उठत. विहारात, लग्नकार्यात, सगळीकडे हेच. चार लोकांत नवऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढंच त्या बघत. पुढेपुढे हे इतकं अंगवळणी पडलं की त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं.

दवाखान्यात अमरदीप बाहेर थांबला. आत तपासणीला एक तेलुगू मुलगी होती. सूर्यभान खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेले पाहून ती म्हणाली, "अम्मा, आप बाजू में बैठो. पेद्दायना घबरारें."

म्हाताऱ्याला धीर यावा म्हणून सखूबाई बाजूला बसल्या. पडद्यावर एकामागून एक चित्रं आली. मग थोडी बेरीज-वजाबाकी. मग पुष्कळ चित्रं एकदम आली आणि मुलीने सांगितलं, मघाशी पाहिलेल्या चित्रांना बोट लावा. सूर्यभाननी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"किल्ली होती ना," सखूबाई हळूच म्हणाल्या. "आन् ती मांजर. फणी बी."

सूर्यभाननी टपाटप बोटं लावली. मुलीला मराठी येत नव्हतं. म्हातारी धीर देते आहे असं समजून ती कौतुकाने हसली.

तीसपैकी सत्तावीस गुण आले.

"बघ!" अमरदीपने कागद आईपुढे धरला. "माझ्यापेक्षा बाबा हुशार निघाले."

"मग? मुकादम होतो मी," सूर्यभान म्हणाले.

परतीच्या रिक्षात त्यांनी विचारलं, "आपण कुठं गेलो होतो?" तेव्हा कुठे सखूबाईंच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. समोर मुलगा मोकळ्या मनाने ड्रायव्हरशी गप्पा मारत होता. त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

महिनाअखेर अमरदीप आणि गीता गेले. ऑगस्टमध्ये सूर्यभान दळण आणायला निघाले ते हरवले. संध्याकाळी कुणीतरी ओळखीच्याने घरी आणून सोडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बायकोलाच विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई त्यांना घेऊन गौलीगुड्याला गेल्या. मुलीने खुर्ची पुढे केली तशा म्हणाल्या, "मैं भार बैठती बेटी. मैं अंदर रही तो बताती इनकू." आणि दाराबाहेर जाऊन बसल्या. आतून दोनदा हाक आली, "सखू?" त्या उठल्या नाहीत. पदर तोंडात धरून बसून राहिल्या.

अकरा गुण आले. फी तीच होती. सखूबाईंकडे चाळीस रुपये कमी पडले. "बाद में देओ अम्मा," मुलगी म्हणाली.

कोपऱ्यावरच्या फोनवरून त्यांनी कारखान्यात अमरदीपला गाठलं.

"अकरा? आन् मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मी सांगितली रे उत्तरं."



"आई, असं कुणी करतं का?"

"आता नाही होत बाबा माझ्यानं."

"रविवारी येतो," तो म्हणाला. "सामान बांधून ठेव."

मोठं घर परवडलं नाही. त्याच दोन खोल्यांत चौघं राहू लागले. गीता दोन दिवस धुसफुसली, मग बाहेरच्या खोलीत खाट लावून सासऱ्याजवळ बसली. त्या दुपारी सखूबाई आतल्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या, त्या दिवेलागणीपर्यंत गाढ झोपून राहिल्या.

गौलीगुड्याचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.