लाल मॅग्नेट ड्रॉवरमध्ये होते

तुआसच्या गोडाउनबाहेर अकरा ट्रक अडकले होते आणि माझ्या हातातल्या रिपोर्टवर हसरा चेहरा चिकटवलेला होता. मीच चिकटवलेला.

मी टेस्टर. सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायच्या आधी ते मोडतं का बघायचं. आमच्या बार्शीत याला खोड्या काढणं म्हणतात, इथं परदेशात त्याचा पगार देतात.

तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात एक बोर्ड होता. काम ठीक असेल तर हिरवं मॅग्नेट, अडलं तर लाल. मॅनेजर जेरल्ड कसलासा कोर्स करून आला आणि त्यानं लाल मॅग्नेट काढूनच टाकले. त्याजागी स्मायली. ‘प्रॉब्लेम’ म्हणायचं नाही, ‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हणायचं. मी पँट्रीत दोन्ही हात पसरून त्याची नक्कल करायचो. “टीऽऽम! लिफ्ट बंद आहे! व्हॉट ॲन ऑपॉर्च्युनिटी!”

गोडाउनच्या गेटची नवी सिस्टिम सुरू व्हायच्या चार दिवस आधी मला सापडलं, की तोच ट्रक त्याच दिवशी परत आला तर गेट उघडत नाही. गेलो जेरल्डकडे.

“गेट उघडत नाहीये.”

“पॉझिटिव्हली सांग.”

“गेट एकदम पॉझिटिव्हली बंद राहतंय.”

तो हसला नाही. “तुझा इथं काम करायचा पास रिन्यूअलला आलाय ना? कंपनीचं लेटर मीच देणार आहे.”

पास गेला की बार्शी. मी गुपचूप लिहिलं, ‘परत येणाऱ्या ट्रकांसाठी एक्सायटिंग ऑपॉर्च्युनिटी.’ वर स्मायली.

सोमवारी सकाळी सगळं झकास. जेरल्डनं केक मागवला. जेवणानंतर ट्रक दुसऱ्या फेरीला आले आणि गेट ढिम्म. आम्ही दोघं टॅक्सीनं तुआसला पळालो.

गोडाउनचे सुपरवायझर लिम अंकल, गळ्यात टॉवेल. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला.

“हे काय? लकी ड्रॉ?”

“गेट उघडणार नाही असं लिहायचं होतं, अंकल.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो.”

“अय्यो! सांगायचं ना! दोन माणसं उभी करून हातानं उघडलं असतं. फिनिश!”

एवढंच होतं. दोन माणसं.

जेरल्ड हात पसरून पुढे आला. “अंकल, व्हॉट अ लर्निंग...”

“स्माइल नंतर. आधी गेट ढकल.”

संध्याकाळपर्यंत ती दोन माणसं म्हणजे जेरल्ड आणि मी.

दुसऱ्या दिवशी त्यानं ड्रॉवरमधून लाल मॅग्नेट काढले. पहिलं मीच लावलं. मग त्यानं माझ्या लेटरवर सही केली, अजिबात न हसता.

वाईट बातमी वेळेवर सांगितली तर बॉसचा चेहरा पडतो. दाबली तर गेट ढकलावं लागतं, आणि ते भलतंच जड असतं.