फटकळ मास्तराच्या छातीचं माप

आमच्या गल्लीत शिंपी दोन होते, पण फटकळ मास्तर एकच. गिऱ्हाइकाचं माप घेताना तो आकडा मोठ्यानं बोलायचा, रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. कंबर बेचाळीस. ऐकून बाई कसनुशी व्हायची, एखादा गडी श्वास ओढून पोट आत घ्यायचा. मास्तर टेप धरून तसाच उभा. "सोडा श्वास. जन्मभर कोंडून बसणार आहात का?" माणूस खोटं बोलतो, कपडा कधी बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा.

दुकान पुढं, मागच्या खोलीत संसार. मूलबाळ नाही. काज, बटणं, हातशिलाई बायकोची. कापायच्या मोठ्या कात्रीला मात्र तो तिला हात लावू द्यायचा नाही. त्यावरून आणि बाकी सगळ्यावरून दोघांची दिवसभर जुंपलेली असायची. "कात्रीबरोबर जीभही धार लावून आणता वाटतं," असं ती आतून म्हणायची, आणि मास्तर मशीन आणखी जोरात चालवायचा.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर जुना, मास्तराकडेच कपडे शिवणारा. त्यानं बायकोला दवाखान्याच्या बोळात गाठलं.

"वहिनी, आजार पसरलाय. हातात फार दिवस नाहीत. पण त्यांना सांगू नका. ऐकूनच खचलेली माणसं मी बघितलीत."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"आतड्याला सूज आहे म्हणा. मीही तेच सांगतो."

बायको घरी आली आणि विचार करत बसली. नवऱ्याला ती ओळखून होती. डॉक्टर काहीही सांगो, हा माणूस विश्वास ठेवणार अंगावरच्या शर्टावर. शर्ट लोंबायला लागला की त्याला सगळं कळणार. म्हणून गोळ्यांनी त्याला दुपारी गुंगी आली, की ती खुंटीवरचे त्याचे शर्ट काढून बगलेतून आत घ्यायची. एक बारीक टाका, आतल्या बाजूनं. तो आणखी उतरला की आणखी एक. पँटीचंही तेच. दुकानातला मोठा आरसा पारा उडालाय म्हणून तिनं दुरुस्तीला पाठवला, तो परत आणलाच नाही. भिंतीवर आरशाएवढा चौकोन तेवढा पांढरा राहिला. गिऱ्हाईक कपडा घालून त्या चौकोनासमोर उभं राहायचं आणि क्षणभर आपण कुठं गेलो ते त्याला कळायचं नाही.

मास्तराला रात्री कूस बदलताना बरगड्या हाताला लागायच्या. सकाळी शर्ट घातला की तो अंगाला चपखल. हाताचं खरं मानायचं की शर्टाचं? दुसरा कुणी असता तर त्यानं हाताचं मानलं असतं. हा शिंपी. त्यानं शर्टाचं मानलं.

पण मग बाकीचं जग वाढायला लागलं. मशीनपुढची खुर्ची रुंद झाली. कात्री जड झाली. एकदा बोटातला अंगुस्ताना, सुई ढकलायची ती पितळी टोपी, टप् करून मशीनखाली पडला. पुन्हा घातला, पुन्हा टप्. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगुस्ताना बोटात घट्ट. मास्तर तो उन्हात धरून कितीतरी वेळ न्याहाळत राहिला. पितळ आटतं का कधी?

त्याहून वाईट घरातली शांतता. बायको भांडेना. त्यानं मुद्दाम चहा अळणी आहे म्हणून सांगितलं.

"चहात मीठ घालतात का?" असं ती एरवी म्हणाली असती, आणि पुढं त्याच्या आईपर्यंत पोचली असती. आता ती म्हणाली, "दुसरा करून देते हं."

त्या 'हं'नं मास्तराच्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाबद्दल लोक असंच गोड बोलतात. समोरचा दुकानदार, ज्यानं उभ्या जन्मात कधी राम राम केला नव्हता, तोही येऊन "काय म्हणता मास्तर" करून जायचा, आणि बोलताना त्याची नजर मास्तराच्या खांद्यावरून मागच्या पांढऱ्या चौकोनाकडे जायची. मास्तराला वाटायला लागलं, आपण आधीच गेलोय आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तर कपडे बसतात. मेलेला माणूस कुठं वाळतो?

"माझी छाती माप," तो बायकोला एकदा म्हणाला. स्वतःची छाती स्वतःला मापता येत नाही, हात उचलला की आकडा बदलतो. तिनं टेप लावला. "चाळीस," ती म्हणाली. हळूच म्हणाली. या दुकानात आकडा हळू कधी बोलला गेला नव्हता.

मास्तरानं टेप तिच्या हातातून काढून घेतला आणि गुंडाळून ठेवला.

त्याच आठवड्यात डॉक्टर कापड घेऊन आला. बंद गळ्याचा कोट शिवायचा होता. घाई नाही, म्हणाला, पुढच्या वर्षी पुतणीच्या लग्नात घालायचाय. माणसाला उभारी यावी म्हणून केलेलं ते नाटक होतं. बायको मागच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मास्तरानं खांदा घेतला, बाही घेतली, मोठ्यानं आकडे बोलला. शेवटी टेप डॉक्टरच्या गळ्याभोवती आणला, दोन्ही टोकं एका मुठीत धरली आणि तिथंच थांबला.

"साडेपंधरा," तो म्हणाला. टेप सोडला नाही. "डॉक्टर, मी जिवंत आहे का?"

"हे काय विचारणं झालं, मास्तर?"

"मला यातलं काहीच कळेनासं झालंय. शर्ट एक सांगतो, हाड एक सांगतं. बायको गोड बोलते." त्यानं टेप काढून डॉक्टरच्या हातात दिला आणि हात वर केले. "आता माझं घ्या. आणि या दुकानात आकडा कसा बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

डॉक्टरनं दाराकडे बघितलं. बायकोनं पदर तोंडाशी धरला, पण मान नाही म्हणून हलवली नाही. डॉक्टरनं टेप फिरवला. तो शर्टावर टेकला आणि आणखी आत सरकत गेला.

"तेहतीस," डॉक्टर म्हणाला. रस्त्यापलीकडं ऐकू गेलं.

मास्तरानं श्वास सोडला. "आणि दिवस?"

"थंडी बघाल. उन्हाळ्याचं सांगत नाही."

"मग एवढ्याशा दिवसांत मला कोट कसले शिवायला लावताय? हिला कापायचं शिकवायचं राहिलंय." तो बायकोकडे वळला. "अगं, उसव ते सगळे शर्ट. आणि माझा अंगुस्ताना दे, चोरटे."

"चोरटी कोण? मेला बटणांच्या डब्यात पडलाय, दिसत नाही का," बायको म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

उसवलेल्या शर्टांवर सुईच्या भोकांच्या रेघा होत्या, एकीच्या आत एक. मास्तर त्यांवर बोट फिरवायचा. झोळीसारखा शर्ट घालून तो कापायच्या टेबलाशी उभा राहायचा, ती कापायची, तो शिव्या घालायचा. मोठा अंगुस्ताना दिवसभर टप् टप् पडायचा. ती वाकून उचलायची आणि त्याच्या आईपर्यंत पोचायची.

डॉक्टरचा कोट तिनं कापला. पहिलाच. गळ्याशी कात्री थांबवून तिनं विचारलं, "चुकलं असेल तर सांगा, अहो. आत्ता सांगा."

मास्तरानं कापड उचललं. बराच वेळ बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

थंडी त्यानं बघितली. उन्हाळा बघितला नाही.

कोट न्यायला डॉक्टर आला तेव्हा आरसा परत भिंतीवर आला होता. त्यानं कोट चढवला, गळ्याचं बटण लावलं, आणि बोलायला गेला तर आवाज अडकला. कोटाचा गळा बोटभर आवळत होता.

"बसला ना?" बायकोनं विचारलं. "त्यांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं. खोटं बोलायचे नाहीत ते."

डॉक्टर आरशात बघत राहिला. आरशात पाठीमागं रिकामी खुर्ची दिसत होती.

"बरोबरच आहे, वहिनी," तो म्हणाला.

तेवढ्यात मशीनखाली काहीतरी टप् करून पडलं. दोघांपैकी कुणीही वाकलं नाही.