साखळीतले तीन इंच

"कोडोलीला तुम्ही कोणाकडे जेवलात?" मोजणी खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

"कोणाकडेच नाही, साहेब. घरून भाकरी नेली होती."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस."

साहेबांच्या टेबलासमोर कोडोलीचा राऊ नावाचा शेतकरी उभा होता. मोजणीदार राऊच्या शेजाऱ्याकडे जेवला आणि त्या बदल्यात त्याने बांध राऊच्या रानात तीन फूट आत घातला, असा त्याचा अर्ज होता. तो मोजणीदार म्हणजे मी.

ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीतली. संस्थानच्या मोजणी खात्यात लागून मला चार वर्षं झाली होती. कामाचं स्वरूप सोपं होतं. दोन शेतकऱ्यांत बांधावरून भांडण झालं की आम्ही जुना नकाशा घेऊन जायचं, पक्क्या दगडापासून साखळीने अंतर मोजायचं आणि बांध कुठे हवा ते दाखवून द्यायचं. साखळी म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी चेन. तिचे सोळा भाग, आणि एकेका भागाला आम्ही आणा म्हणायचो. रुपया जसा सोळा आण्यांचा, तशी साखळीही. कोडोलीचा बांध दगडापासून बरोबर बारा साखळ्यांवर होता आणि मी तो बारा साखळ्यांवरच दाखवला होता.

जेवणाची चौकशी साहेबांनी उगीच केली नव्हती. आमच्याकडे पाहुणा उपाशी परत गेला तर घरातल्या माणसांना चार दिवस चैन पडत नाही. पण मोजणीदार ज्याच्याकडे जेवतो त्याचं रान वाढतं, हेही गावोगाव बोललं जायचं. म्हणून पक्षकाराकडे जेवायचं नाही असा खात्याचा नियम होता आणि त्यासाठी दिवसाचा भत्ता मिळायचा. बाकीचे मोजणीदार त्या भत्त्यात शिधा विकत घेऊन चावडीत शिजवून घेत. मी मात्र फडक्यात भाकऱ्या बांधून न्यायचो. तिसऱ्या दिवशीची भाकरी खायला दात लागतात, ते तेव्हा होते. भत्ता शाबूत घरी यायचा.

खरं सांगायचं तर त्यात तत्त्व थोडं आणि काटकसर जास्त होती. वर्षभरापूर्वी आम्ही गंगावेशीजवळ तीन खोल्यांचं कौलारू घर घेतलं होतं. निम्म्याहून जास्त पैसे एका कापडाच्या व्यापाऱ्याने दिले होते आणि त्याबद्दल घर त्याच्याकडेच गहाण होतं. आम्ही त्याला शेटजी म्हणायचो. माणूस गोड होता, पण गहाणखतात साफ लिहिलं होतं की लागोपाठ तीन हप्ते थकले तर घर त्याचं. घर घेतलं तेव्हा पदरात आठ महिन्यांची मुलगी होती. माझा पगार सोडला तर दुसरा आधार नव्हता.

काटकसरीचं खातं माझ्या बायकोकडे, आनंदीकडे होतं. गहाणखतावर सही करून आलो त्याच दिवशी तिने चुलीपुढे बसून मला काय काय बंद ते ऐकवलं. चहा बंद, दूध पोरीला. तंबाखू बंद. रविवारचं मटण पंधरवड्यावर. पागोटं रंगवून आणायचं नाही, फिकट झालं तरी डोकं तेच आहे. जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणजे दिव्याचं तेल वाचतं. मागची खोली तिने हुपरीच्या एका चांदी कारागिराला भाड्याने दिली. तो दिवसभर पैंजण ठोकत बसायचा आणि आमची पोर त्या ठोक्यावर झोपायची. सुट्टीच्या दिवशी तो काम बंद ठेवायचा तेव्हा ती रडायची.

लोकांना वाटायचं की आम्ही हाल काढतोय. तसं काही नव्हतं. दर महिन्याला शेटजींकडे हप्ता देऊन येताना मी छाती काढून चालायचो. अंगणातल्या दोडक्याच्या वेलाचं पहिलं दोडकं तोडलं त्या दिवशी आनंदी शेजारणीला ते तीन वेळा दाखवून आली. इतकं सुख मला पुढे पगार दुप्पट झाल्यावरही झालेलं आठवत नाही.

अडचण एवढीच झाली की तिचं बघून मलाही चेव आला. तिच्या यादीत नसलेली एक काटकसर मी स्वतःच्या डोक्याने सुरू केली. ती तिला सांगितली नाही, कारण वर्षाच्या शेवटी एकदम रक्कम हातात ठेवून तिला चकित करायचं होतं.

साखळी वापरून वापरून लांबते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. लोखंड कसं लांबेल? पण तिच्या कड्या ओढून ओढून उघडतात, झिजतात, आणि प्रत्येक कडी केसभर दगा देते. म्हणून दर दोन महिन्यांनी ती लोहाराकडे नेऊन कड्या बंद करून घ्यायच्या आणि मग ऑफिसच्या ओसरीवर तपासायची, असा रिवाज होता. ओसरीच्या फरशीत बरोबर तेहतीस फुटांवर दोन पितळी खिळे ठोकलेले होते. त्यांना आम्ही स्टँडर्ड म्हणायचो. लोहाराच्या खर्चाला खातं वेगळा अलाउन्स द्यायचं.

तो अलाउन्स मी सात महिने वाचवत होतो. वाकलेल्या कड्या घरीच पाट्यावर ठेवून वरवंट्याने सरळ करायचो. सरळ केलेली कडी आणखी लांबते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझा साखळीवाला बाबालाल हा बापाच्या वयाचा माणूस. तो दोनदा म्हणाला होता की कड्या तोंड उघडायला लागल्यात. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू.

तर अशा स्थितीत मी साहेबांपुढे उभा होतो आणि मला राग आला होता. ज्या गोष्टीत मी इतका चोख, नेमका तिचाच आळ माझ्यावर यावा याचं वाईट वाटत होतं. साहेबांनी कोडोलीच्या पाटलाचा जबाब वाचून दाखवला. मोजणीदार तिन्ही दिवस चिंचेखाली स्वतःचीच भाकरी खात होता, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी कागद मिटला. अर्ज फेटाळायची तयारी झाली होती.

"काय राऊ, आता काय म्हणणं आहे?" साहेब म्हणाले.

राऊने माझ्याकडे पाहिलं. मघाचा ताव गेला होता.

"जेवलं न्हाईत, हे खरं हाय," तो म्हणाला. "मी ऐकीव बोललो, चुकलं माझं. पर साहेब, माझं तीन फूट गेलं कुटं? बांधावर आज्जानं लावलेला आंबा हाय. त्यो आता शेजाऱ्याच्यात गेलाय. त्यो आंबा तर चालत गेला न्हाय की."

माझी नजर उघड्या दारातून ओसरीवर गेली. तिथे ते दोन पितळी खिळे उन्हात चमकत होते. बारा साखळ्या आणि तीन फूट. भागाकार करायला कागद लागत नाही, साखळीमागे तीन इंच.

गप्प राहिलो तर सुटत होतो. राऊ परत जाणार होता आणि साखळी मी संध्याकाळी गुपचूप लोहाराकडे देऊ शकत होतो. बोललो तर नोकरीवर गदा आणि नोकरीमागोमाग घर. शेटजींचा गोड चेहरा डोळ्यांपुढे आला. मग राऊचा आंबा आला. दुसऱ्याचं झाड ढापून मी आपलं घर सोडवणार होतो. घर माझं झालं असतं, पण त्यात झोप लागली नसती.

"साहेब, साखळी तपासून घ्या," मी म्हणालो. "सात महिने लोहाराकडे गेलेली नाही."

साहेब उठले. बाबालालने साखळीचं एक टोक पहिल्या खिळ्यावर धरलं, मी दुसरं ताणलं. माझ्या हातातली मूठ दुसऱ्या खिळ्याच्या पुढे गेली. साहेबांनी स्वतः वाकून फुटपट्टी लावली. तीन इंच.

राऊला आधी काही कळेना. लांब साखळीने बारा वेळा मोजलं की बांध दर वेळी तीन इंच पुढे सरकतो, हे मीच त्याला समजावलं. त्याचं तीन फूट रान कोणी खाल्लं नव्हतं, माझ्या वरवंट्याने खाल्लं होतं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मग आंबा माझा?" मी हो म्हणालो. तेवढं त्याला पुरलं.

साहेबांना ते पुरणार नव्हतं. त्यांनी राऊला ओसरीवर बसवलं आणि दार लावून मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "पाटलाच्या जबाबात तुमची भाकरी नसती, तर ही चूक कोणी चूक मानली नसती. लाच मानली असती आणि मी तुम्हाला घरी पाठवलं असतं." सात महिन्यांचा अलाउन्स परत, वर दंड, आणि त्या सात महिन्यांतली सगळी कामं माझ्या खर्चाने पुन्हा मोजायची, असा हुकूम झाला. नोकरी राहिली.

घरी येऊन आनंदीला सगळं सांगितलं. पैसे गेले म्हणून ती चिडेल अशी माझी समजूत होती. ती चिडली, पण भलत्याच कारणासाठी.

"माझ्या यादीत साखळी हुती का?" तिने विचारलं. "आपल्या ताटातलं काय बी कमी करा, मी हूं का चूं करणार न्हाय. लोकांच्या ताटातलं कमी करायला तुमाला कुणी सांगितलंतं?"

ती उठली आणि पहाटेसाठी पीठ काढून ठेवू लागली, कारण कोडोलीला जायचं होतं.

कोडोलीचा बांध मी तीन फूट मागे घेतला. दोन्ही शेजाऱ्यांचे अंगठे झाल्यावर चिंचेखाली भाकरी सोडली. राऊ एक कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या घेऊन आला आणि म्हणाला, "पावणं, आता तर काम झालं." मी कांदा बुक्कीने फोडला. खात्याच्या नियमात बसलं की नाही माहीत नाही, पण इतकी गोड भाकरी मी कधी खाल्ली नाही.

पुढे साखळी दर दोन महिन्यांनी लोहाराकडे जात राहिली आणि निवृत्त होईपर्यंत त्या खर्चात मी एक पै वाचवली नाही. घरातली काटकसर मात्र तशीच चालू राहिली. चहा मुलगी शाळेत जायला लागल्यावर सुरू झाला. दंड आणि फेरमोजणी यांमुळे तीन हप्ते थकले, पण लागोपाठ नाही, आणि गहाणखत ठरल्यापेक्षा तीन महिने उशिरा सुटलं. शेटजींनी कागद परत दिला तेव्हा आनंदीने तो उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण हिशेब तोंडपाठ होता.

"तीन इंचाला तीन म्हैनं," ती म्हणाली. "इंचाला म्हैना पडला."

मग तिने तो कागद देवापुढे ठेवला आणि मला बाजारात पिटाळलं. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी घरात मटण शिजलं.