दुरुस्तीदादांची पाऊण जीबी

दुरुस्तीदादांनी बिघडलेल्या वस्तूला कधी हात लावला नाही. ते चालू वस्तू दुरुस्त करत.

दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून बाबू म्हणून निवृत्त झाले आणि आर्वीला आमच्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहू लागले. "चालते ते ठीक आहे, पन याच्याहून चांगलं काऊन नाई चालत?" हे त्यांचं वाक्य कानावर पडलं की जाऊबाई हातातलं लाटणं टाकून धावायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी कूलरचा पंप सुधारला. त्याच संध्याकाळी पुतणीला पाहायला पाहुणे आले, कूलरसमोर बसले, आणि बटण दाबताच मुलाच्या वडिलांचा पांढरा सदरा भिजून अंगाला चिकटला. दादा समाधानानं म्हणाले, "थंडावा तं वाढला ना!" तरीही लग्न जमलं, यात पाहुण्यांचा चांगुलपणा होता.

पुढे मी एसटी डेपोजवळ डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, असली कामं. दोन हजार आठच्या सुमारास वस्तीतल्या विहाराच्या स्मरणिकेचं काम आलं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यात छापायचे होते. एवढे फोटो जुन्या मशीनला झेपेनात, म्हणून मी नवं घेतलं, चार जीबी मेमरीचं.

दादांनी पहिल्याच दिवशी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावलं. "सुनंदा, चार टाकले ना? मंग हे सव्वातीन काऊन दाखवून राह्यलं? पाऊण जीबी गेली कुठं?"

वर्ध्याहून येणाऱ्या प्रशांत मेकॅनिकनं त्यांना नीट समजावलं. "दादा, ह्या विंडोजजवळ चार जीबीपुरतेच पत्ते आहेत. त्यातले काही पत्ते डिस्प्लेले आन् दुसऱ्या पार्टांले द्यावे लागते. मंग तेवढ्या मेमरीले पत्ताच उरत नाई. ते मशीनमधी हाय, पन विंडोजले सापडत नाई."

"मंग इलाज?"

"चौसष्ट बिटवालं विंडोज टाका. पन मंग ताईचं जुनं मराठी टायपिंग आन् स्कॅनर, दोन्ही चालनार नाई."

मी म्हटलं, राहू द्या, सव्वातीन पुष्कळ आहे. पण दादा मान हलवतच राहिले. "पत्ता नाई म्हनून मानूस उपाशी ठेवावा काय?" दुकानात पत्रिका छापायला आलेल्या वरबापांनाही ते विचारत, "तुमी सांगा, चार घेतले तं चार भेटाले पायजे का नाई?" वरबाप बिचारे माझ्याकडे पाहत.

आठवड्याभरात मशीन रांगायला लागलं. एक पान उघडायला चहा पिऊन यावं. दादा म्हणाले, "नव्या वस्तूले जम बसाले टाइम लागते." त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान पाहूनच मला संशय यायला हवा होता. मग एका दुपारी फोटोंची पानं सेव्ह करताना मशीन अडकलं आणि फाइल गेली. स्कॅन केलेले सगळे फोटो मी त्या एकाच फाइलीत लावले होते, आणि मूळ फोटो घरोघरी परतही केले होते.

प्रशांतनं येऊन पाहिलं. "ताई, हे मशीन चारशे नऊ एमबीच वापरून राह्यलं. कोनीतरी सेटिंगमधी मर्यादा घातली."

"मर्यादा नाई," दादा घाईनं म्हणाले, "मी तं वाढवली. तिथं मॅक्झिमम लिहून होतं. मी चार हजार शहाण्णव टाकले."

शेवटचा सहा उमटलाच नव्हता, चार हजार शहाण्णवचे चारशे नऊ झाले होते.

मी गिऱ्हाइकांसमोरच ओरडले. "तुमाले कोनं सांगतलं होतं, दादा? जिथं तिथं हात! अंजिराबाईनं नवऱ्याचा एकुलता एक फोटो दहादा इनवल्यावर देला होता. आता कोन्त्या तोंडानं जाऊ मी तिच्या घरी?"

दादा सायकल घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते घरोघरी फिरले. ऑक्टोबरचं ऊन काही कमी नसतं. प्रत्येक दारात म्हणाले, "सुनंदाची चूक नाई, बाप्पा. म्या बिघडवलं." दुपट्ट्यात गुंडाळून फोटो आणत होते, दुकानात ठेवून पुन्हा जात होते. अंजिराबाईनं मात्र फोटो हातात द्यायला साफ नकार दिला. मग दादांनी तिलाच सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि हातानं सायकल ढकलत आणलं. फोटो छातीशी धरून म्हातारी दुकानात बसली, स्कॅन होईपर्यंत तिनं मशीनवरची नजर काढली नाही. तेवढ्यातही दादांचा हात स्कॅनरच्या झाकणाकडे गेला. "हे जरा ढिलं हाय का?" मी फक्त पाहिलं. हात खिशात गेला.

स्मरणिका उशिरा का होईना, निघाली. अंजिराबाईनं नवऱ्याचं पान उघडून दादांपुढे धरलं. दादा पानाला नाक लावून म्हणाले, "फोटो अजून थोडा मोठा पायजे होता." मी कपाळावर हात मारला.

काही वर्षांनी सावंगीच्या दवाखान्यात दादा गेले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा पलंगाचा दांडा फिरवल्याबद्दल नर्सची बोलणी खात होते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजली सभेला, विहार भरला होता. बोलायला उठलेल्या पहिल्या माणसानं गुणगान सुरू केलं, अडखळला, आणि म्हणाला, "खरं सांगू का, माहा रेडिओ त्याईनंच बिघडवला." कोणीतरी हसलं. मग दुसरा उठला, त्याची शिलाई मशीन. तिसऱ्याची मोटर. एकेक तक्रार येत गेली आणि चार दिवस भिंतीला टेकून बसलेल्या जाऊबाई पदरात तोंड लपवून हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या.

इतक्यात माइक जरासा खरखरला, पण चालू होता. बोलणारा थांबला. चष्मा कपाळावर चढवून कोणीतरी उठेल म्हणून आम्ही सगळे वाट पाहत बसलो. कोणीच उठलं नाही.