मागचा लाल दिवा

अधारतालचे ते वायरिंगवाले काका फारसं बोलत नाहीत. ट्रॉली विकली म्हणून मी जीपचा ती ओढायचा मागचा हूक काढून घ्यायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ट्रॉलीच्या दिव्यांच्या वायरी त्यांनी एकेक सोडवल्या, जीपचे दिवे नव्याने जोडले. मग दिव्यावर तळहात धरून म्हणाले, "ब्रेक दाबा, भैया." दिवा लागला. मी निघालो, तर म्हणाले, "चलो, मी मागून येऊन राहिलो."

प्रत्येक गाडीमागे ते असेच स्कूटरवर चौकापर्यंत जातात. त्यांचा मुलगा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला होता, एवढंच मला ठाऊक.

अंधारून आलं होतं. चौकात थांबलो, तेव्हा आरशात माझ्या ब्रेकच्या दिव्याने त्यांचा चेहरा लाल दिसत होता. सिग्नल हिरवा झाला, तरी त्यांनी हात हलवेपर्यंत मला ब्रेकवरचा पाय उचलवेना.