मोठ्या बाई नाव विचारत नसत

मोठ्या बाईंकडे चुगली चालत नसे. चालत नाही असं सगळेच शिक्षक म्हणतात आणि हळूच ऐकून घेतात. बाई खरोखरच ऐकत नसत. मी दुसरीत असताना वर्गातल्या पाण्याच्या पिंपाची तोटी कोणीतरी मोडली आणि फरशीभर पाणी झालं. कोणी मोडली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. धावत बाईंकडे गेले. नाव तोंडातून बाहेर पडायच्या आत त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "नाव नको. फडकं कुठाय ते सांग." मग तोटी मोडणारा, मी आणि काहीच न केलेली बाकीची पोरं गुडघ्यांवर बसून फरशी पुसत राहिलो. हा धडधडीत अन्याय आहे हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं. माझी चळवळ तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

बाईंची उंची पाच फूटसुद्धा नव्हती. मोठ्या म्हणायचं ते मुख्याध्यापिका म्हणून. पूर्वी एक लहान बाईही होत्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरलीच नाही. निर्मळ गावाच्या अलीकडे, केळीच्या वाड्यांना लागून दोन खोल्यांची आमची मराठी शाळा, आणि तिच्यात पहिली ते चौथीला एकट्या मोठ्या बाई. याविरुद्ध त्यांनी कधी एक शब्द काढला असेल तर शपथ.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी बाई सगळ्यांना ओटीवर बसवत. त्याला आम्ही निस्तरसभा म्हणायचो. आठवड्यात जे काही मोडलं, फुटलं, सांडलं, ते तिथे मांडायचं. कोणी केलं ते बोलायचं नाही. कोण काय निस्तरणार एवढंच बोलायचं. एकदा शेजारच्या वाडीतल्या झाडावरचे जाम चोरीला गेले. वाडीवाले भाऊ तणतणत आले आणि म्हणाले, पोराचं नाव सांगा, कान पिळतो आणि विषय संपवतो. बाई म्हणाल्या, "भाऊ, कान पिळून तुमची वाडी साफ होणार आहे का?" त्या शनिवारी अख्खी शाळा भाऊंच्या वाडीत सुकलेली केळीची पानं गोळा करत होती. मी जाम खाल्लेसुद्धा नव्हते. शेवटी भाऊंनीच टोपलीभर जाम आणून दिले, आणि चोरानं सगळ्यांच्या आधी हात घातला.

पुढे मी मोठी झाले, फुलपाड्यात राहायला गेले आणि पत्रकं काढायला लागले. गटारं, पाणी, खड्डे, जे दिसेल त्यावर. मथळा ठरलेला: जबाबदार कोण? खाली नावं, पदांसकट. पहिलं पत्रक मी अभिमानानं बाईंना नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, लाल पेनानं दोन वेलांट्या सुधारल्या आणि विचारलं, "सगळ्यांची नावं आलीत. पुढं काय करायचं ते कुठल्या पानावर आहे?" पत्रक एकाच पानाचं होतं.

शाळेच्या मुतारीचं दार निखळलं तेव्हा आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, आपण मोर्चा नेऊ. बाईंनी एका मुलाच्या सुतारकाम करणाऱ्या वडिलांना बोलावून घेतलं, चौथीच्या पोरांना रंगाचे ब्रश दिले, आणि चार दिवसांत दार उभं. मी चिडून म्हणाले की तुम्ही असं निस्तरत बसता म्हणूनच वरचे निवांत झोपतात. "झोपत असतील," त्या म्हणाल्या. "पण तुझा मोर्चा पोचेपर्यंत पोरींनी काय करायचं?" पण माझा मुद्दा बरोबर होता. आजही आहे.

मग वरून पत्र आलं. शाळेचा पट कमी आहे. वीस मुलं नसतील तर शाळा बंद करून मुख्य रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार. आमच्याकडे चौदा होती. मुख्य रस्ता म्हणजे टँकर, टेम्पो आणि वळणावरही हॉर्न न वाजवणाऱ्या बस. मिठागरावर कामाला जाणारी एक आई बाईंसमोर येऊन बसली. पहिलीतली तिची मुलगी तिच्या पदराआड. "बाय, मी पहाटं कामाला जाते. शाला गेली तं माझ्या पोरीला रस्ता कोन पार करून देनार?" त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच मला अर्ज लिहायला सांगितलं.

शाळा वाचवायचा अर्ज मी टाइप केला, सोबतची यादीही मीच केली. यादीत मी सात नावं वाढवली. गावातलीच मुलं होती, फक्त विरारच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जाणारी. त्यांच्या आईबापांना भेटून मी कबूल करून घेतलं की तपासणीच्या दिवशी पोरं इथे येऊन बसतील. खोटं होतं, पण ज्यांनी दुसरी शिक्षिका दिली नाही त्यांच्याशी खरं कशाला बोलायचं, असा माझा हिशेब. बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. वेलांट्या तपासणाऱ्या बाईंनी ती यादी न वाचता सही केली, कारण ती मी केली होती.

तपासणीला साहेब आले. चौदा मुलं उभी राहून म्हणाली, नमस्ते साहेब. त्यांच्या मागोमाग सात मुलांनी एका सुरात गुड मॉर्निंग सर म्हटलं, आणि एकानं बाईंना मिस अशी हाक मारून पाणी प्यायला जाऊ का विचारलं. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी यादी मागून घेतली, सावकाश वाचली आणि म्हणाल्या, शाळेचा पट चौदा आहे, ही सात मुलं आज पाहुणी आहेत.

साहेब माणूस वाईट नव्हता. यादी कोणी केली एवढं सांगा, मी त्या माणसाचं बघतो, तुमची दोनच वर्षं राहिलीत, असं तो परत परत सांगत होता. बाई म्हणाल्या, "सही माझी आहे. चूक आमची झाली. आता निस्तरायचं काय, ते सांगा."

मी दाराशीच उभी होते, पत्रकांचा गठ्ठा काखेत घेऊन. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. अख्ख्या तालुक्याची नावं छापणारी मी, मला एक नाव घेता आलं नाही.

शाळा बंद झाली. बाईंना नोटीस आली, मुख्याध्यापिकेचं पद गेलं आणि रस्त्यापलीकडच्या शाळेत त्यांना साधी शिक्षिका म्हणून पाठवलं. मी आठ दिवसांनी सगळं लिहून कचेरीत दिलं. तिथल्या कारकुनानं सांगितलं की प्रकरण मिटलंय, आता हे कागद कुठे लावू? ते तोंड घेऊन मी बाईंकडे गेले आणि रडले. बाई वैतागल्या. म्हणाल्या, "रडून झालं की सांग. चौदा पोरं आहेत, रस्ता एक आहे आणि मला हात दोन आहेत. उद्या साडेनऊला ये."

दोन वर्षं आम्ही दोघींनी पोरं पार करून दिली. गेल्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि वटारला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना मला एक शब्द चांगला बोलल्या नाहीत. पोरांना डावीकडून नको, उजवीकडून घेत जा, वळण तिकडून दिसतं, एवढंच.

मी अजूनही म्हणते की बाईंचं चुकत होतं. गतिरोधकाचा माझा अर्ज कचेरीत धूळ खात पडलाय, आणि पोरं रोज धडपणे पोचतात म्हणूनच तो तसा पडून राहणार, हे मला स्वच्छ दिसतं. यावर पत्रक लिहायला घेतलंय, खरमरीत. पण नऊ वाजले की ते अर्धवट टाकून फुलपाड्याहून स्कूटर काढावीच लागते. मिठागरवालीची मुलगी रस्त्याच्या अलीकडे थांबून राहते, आणि दुसऱ्या कोणाचा हात धरायला ती तयार नाही.